ग्लेनिसने जोडलेला उंबरा

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या अपघातांवर चालली. विमा कंपनीत नुकसान पाहून अहवाल देणारा माणूस होतो मी. इंग्लंडातल्या आमच्या श्रॉपशर परगण्यात कुठे गवताची गंजी पेटली, ट्रॅक्टर ओढ्यात उलटला, एखादी गाय बर्फावरून घसरून शेजाऱ्याच्या मोटारीवर जाऊन बसली, की दुसऱ्या दिवशी सकाळी टाय लावून डेस्मंड वॉर्जंट हजर. मला पाहिलं की लोकांचे चेहरे पडायचे. माझी बायको ग्लेनिस त्याच रस्त्यांवरून टपालाची लाल व्हॅन चालवायची, आणि तिला पाहिलं की तेच लोक दार उघडून म्हणायचे, "ये गं आत, किटली आत्ताच उकळलीय." ती कधी आत गेली नाही. पुढची घरं खोळंबलेली असायची. तीस वर्षं ती "पुढच्या वेळी नक्की" म्हणत राहिली, आणि तीस वर्षं लोकही विचारत राहिले.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ त्या न प्यायलेल्या चहापायी झाला, असं माझं ठाम मत आहे.

ती निवृत्त झाली त्या वसंतात एका सकाळी टोस्टला मार्मलेड लावता लावता म्हणाली, "डेस, मी गाडी घेणारेय. स्पोर्ट्स कार. जुनी."

मी पेपर खाली ठेवला. "जुनी म्हणजे किती जुनी?"

"लिंडन. दोन सीटची, उघडी. आपल्या लग्नाच्या आधीची."

"आणि तुझ्या गुडघ्याचं काय? त्या गाडीत कुणी बसत नाही ग्लेन, तिच्यात उतरावं लागतं. हौदात उतरावं तसं."

"गुडघा माझा आहे."

मग मी बोलायला लागलो, आणि मी एकदा लागलो की लवकर थांबत नाही. लिंडन मी पुष्कळ पाहिल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा उलट्या पडलेल्या. डोक्यावर छप्पर नाही. समोरून कुणी आलं तर मध्ये फक्त इंजिन आणि देवाची कृपा. ब्रेक दाबला की गाडी थांबते, पण आधी थोडा विचार करते. शेजारून जाणाऱ्या दुधाच्या टँकरचं चाक आपल्या कानाच्या उंचीला येतं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ते मीठ खालून खात राहतं, आणि आपल्याला वरून फक्त चकचकीत रंग दिसतो. हे सगळं मी तिला अहवाल वाचावा तसं सांगितलं. ग्लेनिसने तोपर्यंत दुसरा टोस्ट संपवला.

"झालं?" तिने विचारलं.

"तू सांग तरी, कशाला हवीय?"

"त्या व्हॅनच्या काचेतून मी हा मुलूख तीस वर्षं पाहिला, डेस. त्याचा वास मला कधी आलाच नाही. व्हॅनमध्ये सदा ओल्या पाकिटांचा आणि कुत्र्यांसाठी ठेवलेल्या बिस्किटांचा वास." ती उठून बशी धुवायला लागली. "मला कापलेल्या गवताचा वास हवाय. गाडी चालवताना. बास."

याच्यावर अहवाल काय लिहिणार? पण मी तिला एक अट घातली. उघड्या गाडीला छप्पर नसतं, त्यामुळे तिचा सगळा भार दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पोलादी पेट्यांवर असतो. गॅरेजवाले त्याला उंबरा म्हणतात. उंबरा कुजला की गाडी गेली, मग वरची बाजू कितीही नटलेली असो. म्हणून मी माझा जुना स्क्रूड्रायव्हर तिच्या पर्समध्ये ठेवला. "खाली वाकायचं, उंबऱ्याला टोचायचं. कडक लागला तर बोलणी. मऊ लागला तर घरी. दुसरं काही करायचं नाही."

"एवढं कळतं मला," ती म्हणाली.

गाडी होती वेनलॉकच्या पलीकडे, मिस्टर ओकली नावाच्या गृहस्थांकडे. चर्चमध्ये ऑर्गन वाजवून निवृत्त झालेला, बारीक अंगाचा, अतिशय गोड माणूस. गाडी अंगणात उभी होती. मोहरीच्या रंगाची, लांब नाकाची, आणि इतकी ठेंगणी की तिच्या पलीकडचं गुलाबाचं झाड अख्खं दिसत होतं. ग्लेनिसने तिच्या दारावर नुसता हात ठेवला आणि मला कळलं, आता माझं काही चालणार नाही.

तरी ती पर्स उघडायला निघाली होती. एवढ्यात मिस्टर ओकली म्हणाले, "आधी चहा घेऊ या ना? मी सीड केक केलाय."

माझी बायको, तीस वर्षं एकाही उंबऱ्याच्या आत न गेलेली बाई, आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, "हो, चालेल की."

आम्ही बसलो. चहा झाला, केक झाला, केकचा दुसरा तुकडा झाला. मिस्टर ओकलींनी त्यांच्या गुडघ्याचं सांगितलं, ग्लेनिसने तिच्या गुडघ्याचं सांगितलं. गाडी त्यांनी मिसेस पार्जिटर या पाद्रीबाबांच्या विधवेकडून घेतली होती. "काय सुंदर स्कोन केले होते मिसेस पार्जिटरनी," ते म्हणाले. "मी तर गाडीखाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. अशा घरात वाकून पाहायचं नसतं, नाही का?"

"नाहीच मुळी," ग्लेनिस म्हणाली.

मी टेबलाखालून तिला पाय मारला. तो मिस्टर ओकलींना लागला. त्यांनी माझी माफी मागितली.

आता आमच्याकडची अडचण तुम्ही समजून घ्या. ज्याच्या घरचा चहा पोटात आहे, त्याच्या गाडीखाली आडवं पडून स्क्रूड्रायव्हर खुपसायचा, म्हणजे त्या माणसाला तोंडावर लबाड म्हणण्यासारखं. चहाच्या आधी चालतं, नंतर चालत नाही. अंगणात आल्यावर ग्लेनिसने गाडीला एक प्रदक्षिणा घातली, चाकाला बुटाने हलकेच टेकलं आणि म्हणाली, "छान ठेवलीय हो तुम्ही." झाला सौदा. परतताना मी चिडून विचारलं, "आणि तो स्क्रूड्रायव्हर?"

"त्यांनी केक स्वतः केला होता, डेस!" ती म्हणाली.

मिसेस पार्जिटरकडच्या स्कोनचा अर्थ माझ्या डोक्यात फार उशिरा शिरला.

पण तो उन्हाळा. माझी तक्रार आहे ती आहे, तो उन्हाळा मात्र मी कुणाला देणार नाही. ग्लेनिस रोज काही ना काही निमित्त काढायची. लडलोच्या बाजारातून सफरचंद आणि बेकन भरलेला तो फिजेट पाय आणायचाय, बहिणीला रताळी नेऊन द्यायचीत. त्या बहिणीने जन्मात रताळी खाल्ली नाहीत. पहिल्यांदा मी शेजारी बसलो तेव्हा दाराची कडी घट्ट धरून बसलो होतो. गिअरच्या खालून पोटऱ्यांना ऊब लागत होती, वरून मान गार पडली होती, आणि दोन्ही बाजूंचं कुंपण इतकं जवळ होतं की हनीसकलच्या फुलांचा वास तोंडातच येत होता. समोरून दुसरी लिंडन आली. तिच्यातल्या म्हाताऱ्याने हात वर केला. ग्लेनिसनेही केला.

"कोण गं तो?"

"मला काय माहीत! लिंडनवाले एकमेकांना हात करतात."

मग पाऊस आला. मी छत लावायला मागे हात घातला, तर तिने माझ्या हातावर चापट मारली. भुरभुर पावसाला छत लावायचं नाही, असा त्या लोकांचा नियम. चष्म्याच्या आतल्या बाजूला पाणी गेलं तर विचार करायचा. माझी टोपी भिजली, पेपर भिजला, आणि मी माझ्या बायकोकडे पाहिलं. केस कपाळाला चिकटलेले, नाकाच्या शेंड्यावर थेंब, आणि ती हसतही नव्हती, नुसती गाडी चालवत होती. ती जितकी नीट, एकचित्त होऊन चालवत होती तितकी मला सुंदर दिसली. तसं मी तिला म्हणालो नाही. "घरी गेल्यावर पाय कोमट पाण्यात घाल," एवढंच म्हणालो.

ऑक्टोबरात गाडीची वार्षिक तपासणी आली. ती आमच्या गावात ट्रेव्हर बेब करतो. बोलायला कंजूष, पण तपासणीत कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. सख्ख्या भावाची जीप त्याने दोनदा परत पाठवलीय. त्याने गाडी वर उचलली, खाली उभं राहून उंबऱ्यावर हातोडी टिचकावत निघाला. टण, टण, टण, आणि मग भद. तो थांबला. वर डांबरासारख्या काळ्या रंगाचा जाड थर होता तो त्याने खरवडला, खाली पुट्टी निघाली, पुट्टीखाली जाळी, आणि जाळीखाली काही नाही. त्याने बोट घातलं, ते आरपार गेलं.

"ग्लेनिस," तो म्हणाला, "जरा दार उघड बघू."

तिने दार उघडलं. मग ते लागेना. गाडी मधोमध वाकली होती, केसभर, पण वाकली होती.

"दुसरीकडचंही असंच आहे," ट्रेव्हर म्हणाला. "ही गाडी दारांच्या कुलपांनी धरून ठेवली होती. उन्हाळाभर हिंडलीस तू हिच्यात?"

मी मोहरी रंगाच्या त्या गाडीकडे पाहत होतो आणि मला तिच्यात स्टीअरिंगमागे बसलेली माझी बायको दिसत होती, दुधाच्या टँकरसमोर.

ट्रेव्हर असली जोडकामं करत नाही. करणारे आहेत, पण त्यांचा खर्च म्हणजे तशी दुसरी गाडी आली असती. गाडी ओढून आणून आम्ही गॅरेजमध्ये लोटली. जेवताना मी म्हणालो की आता एकच, विकून टाकायची. गावच्या जत्रेत मिस्टर हॅलम म्हणून एका गृहस्थांनी ती पाहून कार्ड देऊन ठेवलं होतं. मी त्यांना फोन केला. "थोडं काम आहे हं गाडीत," असं मी त्यांना स्वच्छ सांगितलं. खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही.

"छे हो, थोडं काम सगळ्यांनाच असतं," ते म्हणाले, आणि शनिवारी आलेच. तांबूस चेहऱ्याचे, आनंदी गृहस्थ. मी लगेच किटली ठेवली. हो, ठेवली. ग्लेनिस स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती.

"मुलीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात," मिस्टर हॅलम चहा ढवळत म्हणाले. "तिला सांगितलेलं नाही. चर्चमधून बाहेर येतील, आणि समोर ही उभी! छत खाली, मागे फुलं. दोघं थेट समुद्रापर्यंत जातील यातून."

"वा," मी म्हणालो.

"पाहायची तर काही गरज नाही. जत्रेत पाहिलीय मी. आणि तुमच्यासारख्यांच्या घरची गाडी—"

ग्लेनिस पुढे आली आणि तिने त्यांच्या हातातला कप काढून घेतला. चहा प्यायचा राहिला होता. आमच्याकडे असं कुणी करत नाही. एकवेळ माणूस पाहुण्याच्या थोबाडीत मारेल. मिस्टर हॅलमचा हात कप धरल्यासारखा तसाच हवेत राहिला.

"चला माझ्याबरोबर," ती म्हणाली.

गॅरेजमध्ये तिने दिवा लावला, फरशीवर गोणपाट टाकलं आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्या पुढे धरला. "खाली वाका. उंबऱ्याला टोचा."

"अहो नको नको, माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"म्हणूनच टोचा."

ते बिचारे कडक इस्त्रीच्या पँटमध्ये गुडघ्यावर बसले. टोचलं. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. ते बराच वेळ खालीच राहिले. उठले तेव्हा चेहऱ्यावरचा तांबूसपणा गेला होता. त्यांनी ग्लेनिसचा हात दोन्ही हातांत धरला, आणि मग आपल्या गाडीत बसून निघून गेले.

मी संतापलो होतो. "मी सांगितलं होतं त्यांना काम आहे म्हणून!"

"थोडं म्हणालास."

"मग आता ही धोंड आपल्या गळ्यात."

"माझ्या गळ्यात," ती म्हणाली. "ओकली बिचारे वाकले नाहीत, मी वाकले नाही, हे हॅलम वाकणार नव्हते. चांगली चांगली माणसं एकमेकांना चहा पाजून ही गाडी पुढे ढकलतायत, डेस. कुणाची तरी पोर मरेपर्यंत ढकलत राहणार. माझ्यापुढे नाही जायची ती."

"मग भंगारात दे."

"नाही. दुरुस्त करणार."

"कोण?"

"मी."

मी हसलो. ती हसली नाही. लडलोच्या कॉलेजात संध्याकाळचे वर्ग असतात. शेजारणी तिथे फ्रेंच शिकतात, नाहीतर फुलं रचायला. ग्लेनिसने वेल्डिंगला नाव घातलं.

तेव्हा मी म्हणालो, आणि ते मी पुरतं विचार करून म्हणालो, "ग्लेन, तू काय वाटेल ते कर. पण तू स्वतः जोडलेल्या गाडीत मी बसणार नाही. ठणकावून सांगतो."

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि बूट शोधायला गेली.

वर्गात ती सगळ्यांत मोठी आणि एकटीच बाई. शिकवणारी बेथन नावाची तिशीची मुलगी होती, ती धरली तर दीड बाई. पहिल्या दिवशी घरी आली ती भुवई जाळून. दुसऱ्या वेळी कार्डिगनला भोकं. ती लोखंडाचे दोन तुकडे जोडायची आणि बेथन तो जोड शिकंज्यात धरून हातोडीने वाकवायची. पत्रा वाकला आणि जोड टिकला तर पास. ग्लेनिसचे जोड बिस्किटासारखे कडकन सुटायचे. ती ते फुटके तुकडे घरी आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने लावायची, आणि भांडी घासताना त्यांच्याकडे बघायची.

"कशाला ठेवतेस हे?" मी एकदा विचारलं.

"कुठे चुकलं ते दिसतं त्यात. बघ, इथे मी घाई केलीय. वरवर चिकटलंय, आत गेलंच नाही."

"लोक फुलं ठेवतात खिडकीत."

"लोकांना ठेवू दे."

नाताळ आला, गेला. खिडकीतले तुकडे बदलत गेले. सुरुवातीचे पक्ष्याने घाण केल्यासारखे दिसायचे. मग त्यांच्यावर एकसारखी बारीक लाट उमटायला लागली, शिवणीच्या टाक्यांसारखी नेमकी. मी आयुष्यभर मोडलेल्या वस्तू पाहिल्यात, न मोडलेली वस्तूही मला ओळखता येते. एका दुपारी ती दुकानात गेली असताना मी शेवटचा तुकडा उचलला, शेडमध्ये नेला, शिकंज्यात आवळला आणि मोठी हातोडी घेतली. पहिल्या दोन घावांनी काही झालं नाही. मग मी कोट काढला. पत्रा वाकला, पार दुमडला. टाका मात्र जिथल्या तिथे. मी अजून मारलं. माझ्या हाताला झिणझिण्या आल्या, कपाळ घामाने भिजलं, पण जोड काही हलला नाही. मग मी तिथेच पेटीवर बसलो आणि एकटाच मोठ्याने म्हणालो, "शाबास गं." माझ्या डोळ्यांत पाणी होतं, उगाच हातोडीच्या कष्टावर ढकलणार नाही.

तो दुमडलेला तुकडा मी गुपचूप परत खिडकीत ठेवला. संध्याकाळी ती भांडी घासता घासता म्हणाली, "शिकंजा उघडाच ठेवलायस शेडमध्ये." एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिने खऱ्या गाडीला हात घातला. बेथनने तिला बजावून सांगितलं होतं की उघड्या गाडीचा कुजलेला उंबरा सरळ कापून काढायचा नाही. हौशी लोक तसं करतात, गाडी दोन्ही टोकांनी खाली झुकते, आणि नवा उंबरा जोडल्यावर दार कधीच लागत नाही. म्हणून तिने आधी दोन्ही दारांच्या पोकळीत लोखंडी कांब आडवी जोडून गाडी सरळ धरली, आणि मग कापायला घेतलं. मी गॅरेजच्या दारात स्टूल टाकून बसलो, शेजारी आग विझवायचं नळकांडं आणि दोन बादल्या वाळू. पेट्रोलची टाकी काढून पार बागेच्या टोकाला ठेवल्याशिवाय मी तिला ठिणगी पाडू दिली नाही.

"किती रे भित्रा तू!" मास्कच्या आतून तिचा आवाज आला.

"मी गॅरेजं जळलेली पाहिलीयत, बाई. तू फक्त त्यांची पत्रं पोचवलीस."

रोज ती फरशीवर उताणी पडून काम करायची. बाहेर आली की चेहरा काळा, गुडघा धरलेला. मग मी तिच्या गुडघ्याला मलम चोळायचो आणि ती ट्रेव्हर काय म्हणेल याचा विचार करायची. कारण आता सगळं त्याच्यावर होतं. तो नाही म्हणाला, तर गाडी भंगारातच जाणार होती, आणि हा अख्खा हिवाळा तिच्याबरोबर.

वसंतातल्या पावसाने रस्त्यांवरचं मीठ धुऊन निघालं आणि आम्ही गाडी ओढून ट्रेव्हरकडे नेली. त्याने ती वर उचलली आणि हातोडी टिचकावत निघाला. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. ग्लेनिस बागेत रोपं लावताना घालायचा कोट घालून उभी होती, हात खिशात, आणि खिशातल्या मुठी मला दिसत होत्या. सगळीकडून एकच आवाज आला, खणखणीत. मग त्याने गाडी वर असतानाच हात लांबवून दार उघडलं आणि सोडून दिलं. ते आपण होऊन लागलं.

ट्रेव्हर माझ्याकडे वळला. "कुणाकडून करून घेतलंस, डेस? ब्रिजनॉर्थचा तो माणूस का?"

"मला काय विचारतोस? हिला विचार. हिने केलंय."

"म्हणजे हिने करून घेतलंय ना?"

"करून घेतलेलं नाही, केलंय!" माझा आवाज चढला. बाहेर पेट्रोल भरणारे दोघं वळून बघायला लागले, म्हणून मी त्यांनाही ऐकू जाईल असा अजून चढवला. "माझ्या बायकोने केलंय. साठीच्या तोंडावर, फरशीवर उताणं पडून, भुवई जाळून घेऊन. यातला एकूण एक टाका तिचा आहे, आणि तुझ्या हातोडीने तो निघणार नाही. मी मारून पाहिलंय!"

ट्रेव्हर दिवा घेऊन पुन्हा गाडीखाली गेला. बराच वेळ त्याचा फक्त पाठमोरा कोट दिसत होता. बाहेर आल्यावर तो ग्लेनिसला म्हणाला, "माझ्याकडे एका शेतावरच्या ट्रेलरची चौकट पडलीय. कुणाला द्यावी कळत नव्हतं. बघशील का?"

"बघू," ग्लेनिस म्हणाली. माझ्या बायकोच्या तोंडून "बघू" याहून मोठा आनंद मी ऐकलेला नाही.

त्याने प्रमाणपत्र दिलं. ती गाडीत उतरली, आरसा नीट केला, चोक ओढला. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं.

"तुझी बस येईलच आता," ती मला म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. मी बसणार नाही म्हणालो होतो, तिने ते मानलं होतं, आणि त्याबद्दल ती एका शब्दाने मला कधी बोलली नव्हती. ट्रेव्हर बघत होता. पेट्रोलवाले दोघंही अजून बघत होते.

मी पलीकडून जाऊन दार उघडलं, गुडघे दुमडले आणि आत उतरलो. दार ओढलं. ग्लेनिस समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती. तिने हातब्रेक सोडला.

घरचा रस्ता क्ली टेकडीवरून जातो. वर मेंढ्या रस्त्यावरच बसलेल्या असतात, त्यांच्यामधून तिने हळूहळू गाडी काढली. मग उताराच्या तोंडाशी वेग कमी केला. खाली रस्ता वळणं घेत दरीत उतरत होता, आणि चढणीवर दुधाचा टँकर वर येत होता. छप्पर नव्हतं, ब्रेक तेच होते, आणि मी काही मूर्ख नाही; मला माहीत असलेलं सगळं अजूनही खरंच होतं.

"भीती वाटतेय?" तिने विचारलं.

"वाटतेय की. उतारच तसा आहे."

"मग इथे उतरवू का तुला?"

"मला कुठेही उतरायचं नाही," मी म्हणालो. "गाडी तू जोडलीयस."

ग्लेनिसने गिअर बदलला आणि आम्ही खाली निघालो.